आवक झाली, पण उघडली कुणी? : रँडॉल्फचा अपघात आणि व्यावसायिक चालकांच्या नशेच्या नोंदी

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वाहन नोंदणी खात्याचं मुख्यालय बॉस्टनशेजारच्या क्विन्सी शहरात आहे. २०१९ च्या जूनअखेरीस तिथल्या एका खोलीत टपालाचे डझनावारी ट्रे सापडले. सापडले हा शब्द तसा चुकीचाच, कारण ते हरवलेले नव्हते. खोली खात्याची, ट्रे खात्याचे, त्यातली पाकिटंही खात्याच्याच नावाने आलेली. प्रत्येक पाकिटात दुसऱ्या एखाद्या राज्याने कळवलेलं होतं, की तुमच्याकडचा परवाना असलेल्या अमुक माणसाने आमच्या रस्त्यावर अमुक गुन्हा केला आहे, पुढची कारवाई करा. मार्च २०१८ पासून ही पाकिटं येत होती, वर्गवारी करून ट्रेमध्ये रचली जात होती आणि तशीच राहत होती.

आपल्याकडे कुठल्याही कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. ज्याने ती कधी सांभाळली आहे त्याला हे प्रकरण समजायला अमेरिकेचा कायदा शिकावा लागणार नाही.

हे ट्रे उघडायला लावणारी घटना त्याआधी काही दिवस घडली होती. २१ जून २०१९, शुक्रवार. न्यू हॅम्पशायर राज्याच्या उत्तरेला, व्हाइट माउंटन्सच्या डोंगररांगांतल्या रँडॉल्फ गावाजवळ संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जारहेड्स नावाच्या मोटारसायकल क्लबचा ताफा रूट क्रमांक २ वरून पूर्वेकडे चालला होता. अमेरिकी मरीन दलातले आजी-माजी सैनिक आणि त्यांचे जोडीदार असा हा क्लब. जवळच्या गॉरहॅम गावात माजी सैनिकांच्या संघटनेच्या सभागृहात कार्यक्रम होता, तिकडे सगळे निघाले होते. समोरून मोटारी वाहून नेणारा रिकामा ट्रेलर जोडलेला राम २५०० पिकअप ट्रक आला आणि ताफ्यावर आदळला. सातजण जागीच गेले. काही जखमी झाले.

ट्रक मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डच्या एका छोट्या वाहतूक कंपनीचा होता. चालक २३ वर्षांचा, नोकरीला लागून त्याला आठवडाही झाला नव्हता. त्याच्याकडे व्यावसायिक चालकाचा परवाना होता. तिकडच्या बोलीत 'सीडीएल'. जड ट्रक आणि बस चालवायला लागतो तो. त्याचं नाव इथे देत नाही. पुढे न्यायालयात काय झालं ते सांगेन, पण या प्रकरणात मला रस आहे तो त्याच्या नोंदींच्या प्रवासात.

एका नोंदीचा प्रवास

११ मे २०१९ रोजी, म्हणजे अपघाताच्या ४१ दिवस आधी, शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या ईस्ट विंडसर गावात पोलिसांनी या चालकाला नशेत गाडी चालवल्याच्या संशयावरून अटक केली होती. ती त्याची कामाची गाडी नव्हती. पोलिसांनी चाचणी द्यायला सांगितलं, त्याने नकार दिला.

इथे अमेरिकेच्या संघराज्य कायद्याची एक कडक तरतूद लागू होते. सीडीएल असलेल्या माणसाने पोलिसांची चाचणी नाकारली, तर तो स्वतःच्या खासगी गाडीत असला तरी त्याचा व्यावसायिक परवाना पहिल्या वेळी एक वर्षासाठी जातो. दुसऱ्यांदा तसंच काही घडलं तर कायमचा. पोटापाण्यासाठी ४० टनी गाडी हाकणाऱ्याला घरच्या गाडीतही वेगळा न्याय, असा तो हिशोब. मद्याची मर्यादाही व्यावसायिक वाहनासाठी निम्मी आहे. जवळजवळ सगळ्या राज्यांत सामान्य चालकाला ०.०८ टक्के, ट्रकवाल्याला ०.०४. तुलनेसाठी, आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम ही मर्यादा त्या भाषेत ०.०३ होते आणि ती दुचाकीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना सारखीच आहे. कागदावर आपण अधिक कडक आहोत. कागदावर.

कनेटिकटने आपलं काम केलं. २९ मे रोजी संगणकातून मॅसॅच्युसेट्सला सूचना गेली. सीडीएलधारकांसाठी सगळ्या राज्यांच्या परवाना खात्यांना जोडणारं एक सामाईक जाळं आहे. १९८६ च्या कायद्याने ते उभं राहिलं. त्याआधी एकेक ट्रकवाला तीन-चार राज्यांचे परवाने खिशात ठेवायचा आणि गुन्हे त्यांच्यावर वाटून टाकायचा. एका राज्याने पकडलं की दुसऱ्याचं कार्ड काढायचं. 'एक चालक, एक परवाना, एक नोंद' हे त्या कायद्याचं सूत्र. म्हणजे २०१९ मध्ये ही यंत्रणा तीस वर्षं जुनी होती. नवखेपणाची सबब नव्हती.

सूचना क्विन्सीला पोहोचली. मॅसॅच्युसेट्सने वर्षभरापूर्वी, मार्च २०१८ मध्ये, ॲटलास नावाची नवी संगणक प्रणाली आणली होती. जी नोंद यंत्राला आपोआप जुळवता येईल ती थेट चालकाच्या खात्यावर चढायची. जी जुळणार नाही ती 'माणसाने तपासावी' अशा रांगेत जायची. ही नोंद त्या रांगेत गेली. तिथेच २३ दिवस राहिली. २१ जूनच्या संध्याकाळी चालकाचा परवाना संगणकात हिरवागार होता.

नंतर खात्याने स्वतःच मान्य केलं, की ती नोंद वेळेत पाहिली असती तर त्याचा व्यावसायिक परवाना काढून घेतला गेला असता.

या माणसाची ही एकच नोंद नव्हती. किशोरवयात, २०१३ मध्ये, नशेत गाडी चालवल्याचं एक प्रकरण त्याच्या नावावर होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये अमली पदार्थ ओढण्याच्या नळीसह अटक झाली होती. जूनच्या सुरुवातीला टेक्सासमध्येच त्याच्या हातून अवजड गाडी उलटली होती. या गोष्टी तीन राज्यांत, पोलीस ठाण्यांच्या, न्यायालयांच्या, परवाना खात्यांच्या वेगवेगळ्या कपाटांत होत्या. नव्या मालकाच्या टेबलावर यातलं काहीही नव्हतं.

खिडकीसमोरची रांग आणि मागची रांग

अपघातानंतर चार दिवसांनी खात्याच्या प्रमुख, रजिस्ट्रार एरिन डेव्हनी यांनी राजीनामा दिला. गव्हर्नर चार्ली बेकर यांनी चौकशी लावली, विधिमंडळाच्या समितीसमोर सुनावण्या झाल्या, ग्रँट थॉर्नटन या लेखापरीक्षण संस्थेला काम दिलं गेलं. त्या ऑक्टोबरात आलेल्या अहवालापर्यंत जे बाहेर पडलं त्यात लाच नव्हती, कट नव्हता, कुणी मुद्दाम कागद दडवलेलाही नव्हता. म्हणूनच मला ते जास्त बोचतं.

मुळात परराज्यांतून आलेल्या नोंदी हाताळायचं काम चालकांवर कारवाई करणाऱ्या विभागाकडे असायचं. २०१६ मध्ये ते मेरिट रेटिंग बोर्ड या दुसऱ्या विभागाकडे गेलं. या बोर्डाचा खरा धंदा विम्याचा. चालकाच्या गुन्ह्यांवरून त्याच्या विम्याचा हप्ता किती वाढायचा, त्याचा हिशोब ते ठेवतं. त्याच्या दृष्टीने परराज्यातली नोंद म्हणजे हप्त्यातला एक आकडा. परवाना तातडीने थांबवायचा तर कारवाई विभागाच्या माणसासारखी घाई अंगात असावी लागते, ती विमा हिशोबनिसाच्या अंगात कुठून येणार? मार्च २०१८ मध्ये ॲटलास आलं, माणसं नव्या प्रणालीत गुंतली आणि कागदी टपाल उघडायचं थांबलं. तात्पुरतं, असंच तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार. कुठल्याही कचेरीत कायमच्या गोष्टी अशाच सुरू होतात.

संगणकातल्या रांगेचंही तेच. अपघाताच्या आधीच खात्याच्या अंतर्गत लेखापरीक्षणात तिथे बारा हजारांहून अधिक नोंदी तुंबल्याचं दिसलं होतं. म्हणजे वरच्यांना अगदी कल्पनाच नव्हती, असं म्हणता येत नाही.

ग्रँट थॉर्नटनच्या अहवालातला एक मुद्दा मात्र सोडून पुढे जाववत नाही. खात्याचं सगळं लक्ष ग्राहकसेवेवर होतं, म्हणजे खिडकीसमोर माणसाला किती वेळ थांबावं लागतं यावर. त्या काळात ही रांग हा तिकडच्या राजकारणाचाच विषय होता. संघराज्याच्या नियमांनुसार नवी ओळखपत्रं द्यायची होती, लोक तासन् तास तिष्ठत होते, वर्तमानपत्रं फोटो छापत होती. खिडकीसमोरची रांग बोलते, कुरकुरते, आमदाराला फोन करते. मागच्या खोलीतलं टपाल काही बोलत नाही. ज्या रांगेत माणसं उभी होती ती कमी झाली आणि जिच्यात कागद होते ती वाढत गेली. खात्याच्या स्वतःच्या मापाने पाहिलं तर कामगिरी सुधारतच होती.

ट्रे उघडायला माणसं बसवली तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतच हजाराहून अधिक चालकांचे परवाने निलंबित झाले. हे सगळे लोक जायला नको होते त्या रस्त्यांवर रोज गाडी घेऊन जात होते. पुढे आणखी एक गोष्ट बाहेर आली: मॅसॅच्युसेट्समध्ये गुन्हा केलेल्या परराज्यातल्या चालकांची माहिती त्यांच्या राज्यांना पाठवायचं कामही खात्याने नीट केलेलं नव्हतं. आवकेचं सोडा, जावकही बंद होती.

मंडळ काय म्हणालं, न्यायालय काय म्हणालं

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १ डिसेंबर २०२० रोजी आपला निष्कर्ष दिला. ट्रक मध्यरेषा ओलांडून समोरच्या मार्गिकेत गेला आणि तसं घडण्याचं कारण म्हणजे चालकावर असलेला एकाहून अधिक अमली पदार्थांचा अंमल, असं मंडळाचं म्हणणं. अपघातानंतरच्या तपासणीत हेरॉइन, फेंटॅनिल (अफूसारखा अंमल आणणारं अतितीव्र कृत्रिम वेदनाशामक) आणि कोकेन यांच्या खुणा आढळल्या होत्या. सुरक्षिततेच्या नियमांकडे कंपनीने केलेल्या दुर्लक्षावरही मंडळाने बोट ठेवलं.

न्यायालयात चित्र निराळं झालं. ज्या दुचाकीस्वाराच्या मागे ताफा चालला होता, त्याच्याही रक्तात मर्यादेपेक्षा जास्त मद्य होतं आणि टक्कर नेमकी कुठे झाली यावर बचाव पक्षाने तज्ज्ञ उभे केले. सरकारी पक्षाच्या साक्षींमध्ये तफावती निघाल्या. चालक त्या क्षणी अमलाखाली होता हे सिद्ध होण्याइतका पुरावा नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी नशेशी संबंधित आरोप ज्युरीपुढे जाण्याआधीच काढून टाकले. उरलेल्या १५ आरोपांतून ज्युरीने ९ ऑगस्ट २०२२ रोजी त्याला निर्दोष सोडलं. तोपर्यंत त्याने तीन वर्षं कोठडीत काढली होती.

सुरक्षा मंडळ आणि फौजदारी न्यायालय वेगवेगळे प्रश्न विचारतात. पुन्हा असं घडू नये म्हणून काय बदलायचं, हे मंडळ पाहतं. या माणसाला शिक्षा देण्याइतकी खात्री आहे का, हे न्यायालय पाहतं. मंडळाचा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरायला अमेरिकेच्या कायद्याने बंदी आहे ती याचसाठी. तेव्हा दोषी कोण, हे इथे ठरवायचं कारण नाही. ज्याच्याबद्दल वादच नाही ती गोष्ट एवढीच: त्या दिवशी त्याच्या खिशात असायला नको होता असा परवाना होता.

दुसरा नळ

रँडॉल्फनंतर सहा महिन्यांनी, ६ जानेवारी २०२० रोजी, अमेरिकेत ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाऊस सुरू झालं. ट्रक आणि बस चालकांच्या नशेच्या चाचण्यांची ही देशभराची एकच नोंदपेढी. तारखांच्या जवळिकीमुळे ती याच अपघातातून निघाली असं बऱ्याच जणांना वाटतं. तिची जन्मकथा त्याहून वीस वर्षं जुनी आहे.

९ मे १९९९. मदर्स डेचा रविवार. लुइझियानातल्या ला प्लेसहून ४३ प्रवासी घेऊन एक बस मिसिसिपीतल्या बे सेंट लुइसच्या कॅसिनोकडे निघाली होती. न्यू ऑर्लिन्समध्ये सकाळी नऊच्या सुमारास ती महामार्ग ६१० वरून उजवीकडे उतरली, कठड्याचं टोक मोडलं, कुंपणातून गेली, गोल्फ मैदानातल्या छोट्या गाड्यांच्या वाटेवरून उडाली आणि मातीच्या बांधावर आदळली. २२ प्रवासी मेले. चालकाला हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार होता, तो डायलिसिसवर होता आणि हे त्याने वैद्यकीय तपासणीत लपवलं होतं. सुरक्षा मंडळाने मुख्य कारण म्हणून आजारच धरला. पण त्याच्या शरीरात गांजाचाही अंश सापडला आणि मागे जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, की आधीच्या नोकऱ्यांतही अमली पदार्थांच्या चाचणीत तो सापडला होता. नव्या अर्जात ते मालक त्याने लिहिलेच नव्हते.

त्या काळची पद्धत अशी. चालकाने अर्जात मागच्या मालकांची नावं लिहायची, नव्या मालकाने त्यांना पत्र पाठवून विचारायचं. ज्याने नोकरी घालवली त्याचं नाव कोण लिहील? त्याहून मोठं भोक वेगळंच होतं. नोकरीपूर्व चाचणीत नापास झालेला माणूस त्या कंपनीत कधी लागतच नाही. म्हणजे ती कंपनी त्याची 'मागची मालक' ठरत नाही. तिला विचारायला कुणी जाणारच नाही. महिनाभर गांजापासून लांब राहायचं आणि रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कंपनीत जाऊन लघवीचा नमुना द्यायचा. ट्रकवाल्यांच्या जगात ही वाट सगळ्यांना ठाऊक होती.

मंडळाने २००१ मध्ये शिफारस केली, की या चाचण्यांची एकच केंद्रीय नोंद हवी. काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, २०१२ च्या वाहतूक कायद्यात ती सक्तीची केली. नियम निघाला ५ डिसेंबर २०१६ ला. अंमल २०२० मध्ये. आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोसळलं. लाखो चालक आणि मालक एकदम आत शिरायला धडपडत होते. नोकरी देण्यापूर्वी तपासणी करायची अट काही दिवस बाजूला ठेवावी लागली. वीस वर्षांच्या तयारीनंतर!

यंत्रणा मात्र नीट विचार करून बांधलेली आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आधी मेडिकल रिव्ह्यू ऑफिसर, म्हणजे नेमलेला डॉक्टर, पाहतो. चालकाकडे एखाद्या औषधाची चिठ्ठी आहे का ते तपासतो आणि दोन कामाच्या दिवसांत निष्कर्ष नोंदवतो. मद्याची चाचणी, चाचणीला नकार, कामावर असताना नशा केल्याचं मालकाला प्रत्यक्ष कळणं, हे सगळं मालकाने तीन कामाच्या दिवसांत कळवायचं. नोंद झाली की चालकाच्या नावापुढे 'मनाई' लागते. नवा माणूस ठेवताना मालकाला चालकाच्या ऑनलाइन संमतीने पूर्ण तपासणी करावीच लागते, शिवाय ठेवलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा. एका तपासणीला सव्वा डॉलर. स्वतःचाच ट्रक स्वतः चालवणाऱ्याने स्वतःला तपासण्यात अर्थ नाही, म्हणून त्याला बाहेरची संस्था नेमावी लागते.

मला यात सर्वात महत्त्वाची वाटते ती विचारण्याची सक्ती. जुन्या व्यवस्थेत माहिती पाठवणाऱ्याचं काम पाठवण्यापाशी संपायचं. घेणाऱ्याने पाहिली का, हे कुणीच पाहत नसे. इथे मालकाने विचारलं नाही तर तो स्वतःच गुन्हेगार, आणि विचारलं की नाही याचीही वेळेसकट नोंद राहते. टपाल उघडलं नाही तर पोस्टमन नव्हे, घरमालक अडकतो.

मनाई लागलेल्या चालकाला परतीचा रस्ता आहे. नेमलेल्या समुपदेशकाकडे जायचं, तो सांगेल ते शिक्षण किंवा उपचार घ्यायचे, मग परतीची चाचणी, आणि कामावर आल्यावर पहिल्या बारा महिन्यांत किमान सहा अचानक चाचण्या. त्या पाच वर्षांपर्यंतही चालू राहू शकतात. नोंद किमान पाच वर्षं राहते. प्रत्यक्षात मनाई लागलेल्यांपैकी बरेच जण हा रस्ता धरतच नाहीत. खर्च स्वतःचा, आणि नोंद पाहून पुन्हा कामावर घेणारा मालक मिळणं कठीण. सर्वाधिक नोंदी गांजाच्या आहेत. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत दुकानातून गांजा घेणं कायदेशीर आहे, पण सीडीएलधारकाला संघराज्याचा नियम लागतो आणि तिथे तो वर्ज्यच. रविवारी ओढलेला गांजा गुरुवारच्या लघवीत निघतो, नशा कधीचीच उतरलेली असली तरी. ट्रकवाल्यांची ही तक्रार निव्वळ बहाणा म्हणून उडवून लावण्यासारखी नाही.

मग रँडॉल्फ टळलं असतं का?

क्लिअरिंगहाऊस २०१९ च्या मे महिन्यात चालू असतं, तर? ईस्ट विंडसरची अटक तिथे दिसली असती का?

दिसली नसती. क्लिअरिंगहाऊसमध्ये जातात त्या वाहतूक नियमांखाली मालकाने करवून घेतलेल्या चाचण्या. रस्त्यावरच्या पोलिसाला दिलेला नकार हा त्या नियमांतला नकार नाही. खासगी गाडीतली अटकही तिथे नोंदवली जात नाही. ती परवाना खात्यांच्या जाळ्यातूनच जाणार, म्हणजे पुन्हा क्विन्सीलाच. नळ दोन आहेत. चाचण्यांचा नळ २०२० मध्ये जोडला गेला, अटकेचा नळ होता तोच राहिला.

चाचणीच्या नळातून काही आलं असतं, तर ते कुणीतरी चाचणी घेतली असती तरच. नोकरीवर घेण्याआधी अमली पदार्थांची चाचणी हा नियम २०१९ मध्येही होता. कंपनीने त्याला खरोखर प्रयोगशाळेत पाठवलं असतं, तर कोकेन आणि हेरॉइन पकडण्याची सोय ठरलेल्या यादीत होती. फेंटॅनिल मात्र त्या यादीत नव्हतं. ज्या अमली पदार्थाने त्या वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक बळी घेतले, तो ट्रकवाल्यांच्या सक्तीच्या चाचणीत शोधलाच जात नव्हता. २०१८ मध्ये यादी वाढवली तेव्हा ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोनसारखी वेदनाशामकं आली. फेंटॅनिल तेव्हाही बाहेरच राहिलं.

१८ नोव्हेंबर २०२४ पासून दोन नळांमध्ये निदान एक जोड पडला आहे. क्लिअरिंगहाऊसमध्ये 'मनाई' लागली की ती माहिती त्या चालकाच्या राज्याच्या परवाना खात्याला जाते आणि खात्याने त्याचा व्यावसायिक परवाना सामान्य परवान्यात उतरवायचा असतो. याआधी मनाई लागलेल्या चालकाच्या खिशात सीडीएल तसाच असायचा. न विचारणारा मालक भेटला की तो पुन्हा गाडीवर बसू शकायचा आणि रस्त्यावर अडवणाऱ्या पोलिसाने कार्ड पाहिलं तर ते वैध दिसायचं. हे भोक बुजलं. उलट दिशेने, म्हणजे अटकेकडून क्लिअरिंगहाऊसकडे, अजून काही जात नाही.

या नव्या नियमात राज्यांना मुदतही घालून दिली आहे. सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत परवाना उतरवावा.

ईस्ट विंडसरच्या अटकेपासून रँडॉल्फच्या संध्याकाळपर्यंत ४१ दिवस झाले होते. कनेटिकटची सूचना क्विन्सीच्या रांगेत लागल्यापासून २३.